डेलिया निवडताना आधी पाठ बघा

माझं फूल पहिल्यांदा प्रदर्शनाच्या टेबलावर गेलं तेव्हा ते नऊ इंची होतं, पिवळंधमक, आणि येणारे-जाणारे त्याचे फोटो काढत होते. परीक्षक आले. त्यांनी दोन बोटांनी देठ धरून बाटली जराशी वळवली, फुलाची पाठ पाहिली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पाठीमागच्या दोन ओळी तपकिरी पडल्या होत्या. मी मात्र चार दिवस त्या फुलाचं समोरूनच कौतुक करत बसले होते.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर सांगण्यासारखीच नाही. फुलं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उमलली आणि तोवर प्रदर्शन होऊन महिना झाला होता.

तुम्ही पहिल्यांदाच डेलिया लावत असाल, तर माझी ही दोन वर्षं तुम्हाला वाचवता येतील. खालचा सगळा हिशोब पुण्यातल्या गच्चीचा आहे. नाशिक, सातारा, कोल्हापूरला फारसा फरक पडणार नाही. मुंबई-कोकणात थंडी उशिरा येते आणि हवा दमट असते, तिथे सगळं दहा-पंधरा दिवस पुढे ढकला आणि फुलाच्या आकाराची अपेक्षा थोडी कमी ठेवा.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारवा आणि पाणी न साचणारी जमीन, हे त्याचं माहेर. नाव मिळालं १७९१ मध्ये, माद्रिदच्या शाही बागेतल्या कावानिलेस यांच्याकडून, स्वीडनच्या आंदेश डाल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. त्यामुळे 'डालिया' म्हणणाऱ्या काकांना हसू नका, ते मूळ नावाच्या जास्त जवळ आहेत.

१. बागेसाठी की प्रदर्शनासाठी, हे आधी ठरवा

हे ठरवल्याशिवाय कंद विकत घेऊ नका, कारण दोन्हीकडे निवडीचे निकष वेगळे आहेत. बागेला भरपूर फुलं हवीत, झाड बुटकं आणि दाट हवं, एकदा फुलायला लागलं की दोन महिने फुलत राहायला हवं. प्रदर्शनाला एकच फूल पुरतं, पण ते ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या रूपात हवं. बागेतलं उत्तम झाड टेबलावर पार केविलवाणं दिसू शकतं. उलटही घडतं: प्रदर्शनाचा महाकाय डेलिया साडेचार फूट वाढतो, त्याला काठ्यांचा पिंजरा लागतो आणि एवढं करून हंगामात जेमतेम एक ते तीन फुलं देतो. अंगणात तो शोभेपेक्षा अडचणच जास्त.

माझा सल्ला असा: पहिल्या वर्षी आठ कुंड्या घ्या. पाच लहान फुलांच्या, दोन मध्यम आणि हौसेखातर एक महाकाय. ही हौस कोणालाच चुकत नाही, म्हणून एकीची परवानगी.

२. आकार आणि घडण ओळखायला शिका

डेलिया झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातला. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते खरं तर प्रत्येकी एक छोटं फूल असतं आणि मध्ये पिवळ्या बारीक फुलांची चकती असते. भरगच्च जातीत ही चकती झाकलेली राहायला हवी. ती उघडी पडली की 'डोळा दिसला' म्हणतात आणि फूल बाद समजतात.

घडणीचे बरेच प्रकार आहेत, सुरुवातीला एवढे पुरेत:

- डेकोरेटिव्ह: रुंद, चपट्या पाकळ्या, भरगच्च. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो हाच.
- कॅक्टस: पाकळ्या कडांनी मागे वळून नळीसारख्या झालेल्या, टोकदार. अर्ध्याहून कमी लांबीपर्यंतच वळल्या असतील तर सेमी-कॅक्टस.
- बॉल आणि पॉम्पॉन: गोळा. पाकळ्या आतल्या बाजूला गुंडाळलेल्या, मधमाश्यांच्या पोळ्याच्या घरांसारख्या. दोन इंचांच्या आतला तो पॉम्पॉन, त्याहून मोठा तो बॉल.
- वॉटरलिली: पाकळ्या कमी, बाजूने पाहिलं तर फूल बशीसारखं उथळ.
- कॉलरेट आणि सिंगल: यांचा पिवळा डोळा दिसायलाच हवा. कॉलरेटला त्याभोवती आखूड पाकळ्यांची कॉलर असते.

अमेरिकन डेलिया सोसायटीच्या मापानुसार दहा इंचांवरचं फूल महाकाय, आठ ते दहा मोठं, सहा ते आठ मध्यम, चार ते सहा लहान आणि चारच्या आतलं मिनिएचर. आपल्याकडच्या प्रदर्शनांत गट याहून ढोबळ असतात, पण कंद विकणारे ही मापं सांगतात, म्हणून माहीत असलेली बरी.

३. जात निवडताना काय पाहायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. फोटो बघून डेलिया घेणं म्हणजे फोटो बघून लग्न ठरवण्यासारखंच. फोटोत फक्त चेहरा असतो, त्यामुळे फोटोत न दिसणाऱ्या चार गोष्टींची चौकशी करा.

पहिली, मान. फूल जिथे देठाला जोडलेलं असतं तो दोन-तीन इंचांचा भाग. मोठ्या फुलांच्या कित्येक जातींत मान नाजूक असते, मग फूल जमिनीकडे बघत राहतं. कॅफे ओ ले ही १९६७ ची डच जात सध्या लग्नांच्या सजावटीत फार गाजते आहे. तिचा दुधाळ चहासारखा रंग मलाही वेड लावतो. पण मान मऊ, घडण विस्कटलेली आणि रंग झाडागणिक वेगळा. फुलदाणीसाठी जरूर घ्या, प्रदर्शनासाठी नको.

दुसरी, पाठ. चांगल्या जातीत मधल्या पाकळ्या उलगडेपर्यंत मागच्या ताज्या राहतात. काही जातींत मागून कोमेजणं आणि पुढून उमलणं एकाच वेळी चालतं. असं फूल टेबलावर कधीच पूर्ण रूपात येत नाही. नर्सरीत फुललेलं झाड दिसलं की फूल हलकेच वळवून पाठ बघा. नर्सरीवाला हसेल, हसू दे.

तिसरी, डोळा किती लवकर उघडतो. याला आपलं हवामानही कारणीभूत आहे. डिसेंबरात पुण्याचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. एवढ्या छोट्या दिवसात डेलियाचं लक्ष कंद भरण्याकडे जातं आणि फुलातल्या पाकळ्या कमी होतात. परदेशात ऑगस्ट-सप्टेंबरच्या लांब दिवसांत जी जात गच्च दिसते, ती इथे जानेवारीत डोळा दाखवू शकते. माझ्या जिन्यातल्या दिव्याखाली एक कुंडी होती, तिची फुलं शेवटपर्यंत बाकीच्यांपेक्षा भरगच्च येत राहिली. तेव्हा ते कोडं होतं, आता कारण कळतं.

चौथी, इथे कोणी वाढवली आहे का. तुमच्याच शहरात ती जात दोन हंगाम फुलवलेला माणूस सापडला तर कॅटलॉग बाजूला ठेवा.

आता काही नावं. केल्विन फ्लडलाइट हा ऑस्ट्रेलियातून आलेला पिवळा महाकाय डेलिया, मोठ्या फुलांत नवख्यांसाठी त्यातल्या त्यात समजूतदार. थॉमस एडिसन गडद जांभळा आणि जुना भरवशाचा. कॉर्नेल हा काळपट लाल बॉल, देठ काठीसारखा ताठ. पहिल्या वर्षी एकच जात घ्यायची झाली तर मी हीच सांगेन. बिशप ऑफ लँडाफ १९२४ पासून बागांत आहे: लाल फुलं, जवळजवळ काळी पानं, फुलं नसतानाही झाड देखणं. नर्सऱ्यांत 'केनिया' नावाने पांढरे, पिवळे, मोठे डेलिया मिळतात, तेही घ्यायला हरकत नाही. आपल्या देशातल्या जातीही विसरू नका. झारखंडातल्या देवघरला रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी डेलियाच्या कितीतरी जाती तयार केल्या. ज्योत्स्ना, भिक्खूज मदर ही नावं जुन्या हौशी लोकांच्या तोंडी अजून ऐकू येतात.

आणि निळा डेलिया? तो बाजारात नाही. जगात कुठेच विकत मिळत नाही. 'ब्ल्यू' नावाचे सगळे डेलिया जांभळट असतात. निळ्याशार किंवा सप्तरंगी डेलियाचं बी कोणी विकत असेल तर ते पैसे वाचवून शेणखत आणा.

४. कंद, रोप की बी

बी सगळ्यात स्वस्त. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरा, आठवडाभरात उगवतं आणि अडीच-तीन महिन्यांत फुलतं. बुटक्या मिश्र रंगांच्या बागेसाठी उत्तम. मात्र डेलियाचं बी कधीही आईसारखं निघत नाही. माणसात गुणसूत्रांच्या दोन प्रती असतात, बागेतल्या डेलियात आठ. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवी सोडत. कॉर्नेलचं बी लावून कॉर्नेल मिळणार नाही.

कंद म्हणजे रताळ्यांच्या घोसासारखा गड्डा. फसगत होते ती इथेच. बटाट्याला अंगभर डोळे असतात; डेलियाच्या कंदाला डोळे असतात ते फक्त वर, जुन्या खोडाला चिकटलेल्या मानेपाशी. मान तुटलेला एकटा कंद कितीही जाडजूड असला तरी मुळं फोडेल, कोंब कधीच फोडणार नाही. मी असे सहा कंद कुरिअरने मागवले होते. तीन महिने पाणी घातलं, उकरून पाहिलं, कंद अगदी टुणटुणीत होते आणि तसेच राहिले. घेताना मानेवर टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा दिसतोय का ते बघा, आणि मान बोटाने हलवून लचकत नाही ना तेही तपासा.

मुळं फुटलेलं कटिंग नवख्यांसाठी सगळ्यात बरं. ते आईची हुबेहूब नक्कल असतं, त्याला नाव असतं आणि कंदापेक्षा त्याची वाढ नीटनेटकी होते. कालिम्पाँग आणि कोलकात्याकडून येणारी रोपं ऑक्टोबरात पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत दिसू लागतात. नावाची पट्टी नसलेलं रोप प्रदर्शनासाठी घेऊ नका. 'मॅडम, लाल मोठा आहे' हे जातीचं नाव नव्हे.

५. कॅलेंडर उलटं मोजा

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास असतं. ती तारीख धरून मागे येऊ. हे दिवस माझ्या वहीतले आहेत, दरवर्षी चार-पाच दिवस मागेपुढे होतात.

- ऑगस्टचा मध्य: साठवलेले कंद जागे करायचे. पावसापासून आडोशाला, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये मान वर ठेवून.
- १० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर: कोंब तीन इंचांचे झाले की कटिंग घ्यायची. पेऱ्याच्या लगेच खाली कापून, खालची पानं काढून, ओल्या वाळूत. पंधरा-वीस दिवसांत मुळं येतात.
- ऑक्टोबरचा मध्य: महाकाय जाती शेवटच्या मोठ्या कुंडीत. लहान जाती आधी सहा इंची कुंडीत.
- नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा: लहान फुलांच्या झाडांचा शेंडा खुडायचा. शेंडा खुडल्यापासून फुलापर्यंत साधारण ७० दिवस.
- डिसेंबरचा शेवटचा आठवडा: कळी वाटाण्याएवढी दिसायला हवी. तिथून पूर्ण फुलायला महाकाय जातींना सुमारे चार आठवडे, लहानांना तीन.

सगळ्या कुंड्यांचा शेंडा एकाच दिवशी खुडू नका. एका जातीच्या तीन कुंड्या असतील तर दर आठवड्याला एक. डिसेंबरात ढग आले किंवा थंडी अचानक वाढली की सगळं पुढे सरकतं, मग या तिघींतली एक तरी वेळेवर येते. एकाच दिवशी खुडलेल्या माझ्या सगळ्या कुंड्या त्या पहिल्या वर्षी एकजुटीने उशिरा आल्या.

आमच्या आजोळी भोरला हे काहीच कोणी करत नसे. कंद अंगणातच पडलेले असत, पहिल्या पावसात फुटत आणि गौरी-गणपतीला हळदीच्या पानांशेजारी डेलियाची तांबडी फुलं सूपभर निघत. निचऱ्याची तांबडी माती असेल आणि घरात पूजेला फुलं हवी असतील तर तो मार्ग आजही मस्त आहे. प्रदर्शनाशी त्याचा संबंध नाही, एवढंच.

६. काय काय लागेल

सामान फार नाही. लहान जातींना दहा इंची आणि महाकायला बारा ते चौदा इंची कुंडी, तळाला मोठी भोकं. बांबूच्या काठ्या. सुतळी किंवा जुन्या सुती साडीच्या चिंध्या. धारदार छोटी कात्री आणि ती पुसायला स्पिरिट. नावासाठी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि पेन्सिल. मार्करची शाई उन्हात दोन महिन्यांत उडते, पेन्सिल टिकते. एक वही. प्रदर्शनाला जायचं असेल तर त्या वर्षीची नियमावली आणि प्रवेशअर्ज, तोही वेळेत.

माती: दोन भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचं खत, एक भाग जाड वाळू किंवा भाताचं जळकं तूस. कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा. नुसती काळी माती वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणीच्या अळ्या फुकट मिळतात.

७. काठी, शेंडा, कळी

काठी रोप लावतानाच रोवा. नंतर रोवलीत तर ती नेमकी कंदातून आरपार जाते, आणि हे तुम्हाला कळतं झाड मान टाकतं तेव्हा. सुतळी काठीला घट्ट आणि खोडाला सैल, मराठी चारच्या आकड्यासारखा वेढा घालून बांधा.

लहान आणि मध्यम जातींना पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. बगलेतून फुटणाऱ्या फांद्यांपैकी चार ते सहा ठेवा. महाकाय जातीचा शेंडा मी खुडत नाही, एकच खोड, एकच फूल. खालच्या बगलफुटी मात्र दोन-तीन इंचांच्या झाल्या की काढत राहायचं, वरच्या पानांना हात लावायचा नाही.

आता खरं धैर्याचं काम. प्रत्येक फांदीच्या टोकाला मधली कळी आणि तिच्या दोन बाजूंना दोन अशा तीन कळ्या येतात. बाजूच्या दोन काढायच्या. त्याखालच्या दोन-तीन पेऱ्यांतल्या बगलफुटीही काढायच्या, म्हणजे देठ लांब आणि सरळ मिळतो. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतो. माझ्या सासूबाई मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, 'अगं, फुलं यायलाच लावलंस ना?' पण तीनही कळ्या ठेवल्या तर तिघी एकमेकींना ढकलतात, देठ वाकडा होतो आणि फुलं बेतास बात येतात. एक सवलत घ्या: मधली कळी किडीने किंवा धक्क्याने जायची भीती असेल तर बाजूची एक कळी चार-पाच दिवस राखीव ठेवा, मधली नीट भरायला लागली की काढा. बागेतल्या झाडांना हे सगळं करायची गरज नाही, तिथे फक्त सुकलेली फुलं काढत राहा.

सुकलेलं फूल आणि नवी कळी यांत नवखे नेहमी घोटाळा करतात. कळी गोल आणि टणक. पाकळ्या गळून गेलेलं फूल टोकाकडे निमुळतं आणि दाबलं की पिचपिचीत.

८. खत आणि पाणी

रोज थोडं थोडं पाणी घालू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत. सकाळी. पानांवर नको.

वाढीच्या काळात, म्हणजे कळी दिसेपर्यंत, दर दहा दिवसांनी पेंडीचं पाणी: मूठभर शेंगदाणा किंवा मोहरीची पेंड पाच लिटर पाण्यात चार दिवस भिजवायची, फिक्या चहाच्या रंगाची होईपर्यंत पातळ करायची. वासाबद्दल शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. किंवा कृषी सेवा केंद्रातलं एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), लिटरला एक ग्रॅम. कळी दिसली की नत्र कमी करून शून्य-बावन्न-चौतीसवर या, तेही लिटरला एकच ग्रॅम. कळी रंग दाखवू लागली की खत पूर्ण बंद. मोह आवरत नाही आणि लोक शेवटपर्यंत युरिया घालतात. पानं तळहाताएवढी होतात, देठ पोकळ आणि मऊ, आणि वर्षअखेर कंद साठवणीत कुजतात.

ऊन किमान पाच-सहा तास हवं, सकाळचं असेल तर उत्तम. फुलात रंग भरू लागला की दुपारी हिरव्या जाळीची सावली करा. लाल आणि जांभळे रंग दुपारच्या उन्हात विटतात.

९. कीड-रोग थोडक्यात

मावा, फुलकिडे, लाल कोळी, भुरी. हे चौघे येणारच. मावा आणि फुलकिड्यांना निंबोळी तेल लिटरला पाच मिली, चिमूटभर साबण घालून, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. तेल आणि गंधक एकत्र किंवा लागोपाठ मारू नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. नाहीतर पानं करपतात. कळ्या फुगायला लागल्या की फवारणी बंद, पाकळ्यांवर डाग राहतात.

पानांच्या शिरांलगत पिवळे पट्टे, झाड खुरटलेलं, पानं मुरडलेली असं दिसलं तर तो विषाणू. मावा तो पसरवतो आणि कंदातून, कटिंगमधून तो पुढच्या वर्षी जातो. याला औषध नाही. झाड कंदासकट काढून टाका, मग ते कितीही महागाचं असो. आणि प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा.

१०. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी

नियमावली पुन्हा वाचा. कुंडीचा गट आणि कापलेल्या फुलांचा गट वेगळा असतो, एका गटात किती फुलं ठेवायची तेही ठरलेलं असतं. तीन फुलं मागितली असतील तर तिन्ही एकाच मापाची, एकाच वयाची हवीत. एक भव्य आणि दोन साधी, यापेक्षा तीन सारखी मध्यम फुलं केव्हाही वरचढ ठरतात.

फूल पूर्ण उमललं आहे, मधला गोळा अजून घट्ट आहे आणि मागची ओळ ताजी आहे, अशा वेळी कापा. डेलियाची कळी कापल्यावर गुलाबासारखी फुलदाणीत उमलत नाही. आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे, हातात बादली घेऊनच कापायला जा. देठाचं टोक वाफाळत्या पाण्यात, उकळत्या नव्हे, बुडवून पाणी गार होईपर्यंत ठेवा, मग रात्रभर गार खोलीत खोल पाण्यात. पाण्याखाली जाणारी पानं काढा. फुलाखाली पानांची एखादी जोडी राहू द्या.

मग आरशासमोर उभं राहा. थट्टा करत नाही. फूल हातात धरून आरशाकडे तोंड करा, म्हणजे पुढचा भाग आरशात आणि पाठ तुमच्यासमोर, दोन्ही एकदम दिसतात. मागची एखादी पाकळी वाळली असेल तर चिमट्याने हळूच काढता येते. एक-दोन. तिसरी काढलीत तर भोक दिसतं. मोठ्या फुलाचा चेहरा देठाशी साधारण ४५ अंशांत असावा, पॉम्पॉनने मात्र थेट आकाशाकडे बघावं.

नेताना सोड्याच्या बाटल्यांचा प्लॅस्टिकचा क्रेट मिळवा, प्रत्येक कप्प्यात पाण्याची बाटली, बाटलीत एक फूल, देठाभोवती कागदाचा बोळा. मी एकदा रिक्षात फूल मांडीवर धरून नेलं. स्वारगेटच्या अलीकडे एका खड्ड्यात त्याची मान गेली. मंडपात पोचल्यावर माझ्या हातात फक्त देठ होता.

११. पुढच्या वर्षीची निवड याच वर्षी, फुलं असतानाच

हे कोणीच करत नाही. एकाच जातीच्या पाच झाडांतही एक नेहमी उजवं असतं: निरोगी, वेळेवर आलेलं, ताठ मानेचं. फूल झाडावर असतानाच त्या कुंडीला लाल दोरा बांधा आणि वहीत नोंद करा. मार्चमध्ये सगळी झाडं सारखीच वाळकी दिसतात. कटिंगसाठी फक्त दोरावाल्या कंदांचे कोंब घ्यायचे. चार-पाच वर्षं असं केलं की तुमच्याकडची जात शेजाऱ्याकडच्या त्याच जातीपेक्षा सरस दिसू लागते.

बियांची सोडत खेळायची असेल तर दोन-तीन फुलं झाडावर सुकू द्या आणि बी धरा. पुढच्या हंगामात पन्नास रोपं लावा, चेहरा बघून नाही तर देठ, मान आणि पाठ बघून दोन ठेवा, बाकीची बागेला वाटून टाका. बियांपासून आलेलं रोपही पहिल्याच वर्षी कंद धरतं आणि त्या कंदापासून पुढे तेच फूल मिळतं. तीन हंगाम तसंच राहिलं तर खुशाल नाव ठेवा. माझ्याकडे एक गुलबट वॉटरलिली आहे, तिसऱ्या वर्षात आली आहे, नाव अजून दिलेलं नाही.

फेब्रुवारीअखेर पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या. खोड सहा इंचांवर कापा. लहान कुंड्या तशाच सावलीत आडव्या ठेवा, पावसाचं पाणी आत जाता कामा नये. मोठ्या कुंड्यांतले गड्डे माती झटकून काढा, दोन दिवस सावलीत सुकवा, मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची भुकटी लावा आणि खोक्यात कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये पुरा. प्रत्येक गड्ड्याला नावाची पट्टी बांधून, नुसती खोक्यावर लिहून नाही. महिन्यातून एकदा उघडून बघा: मऊ लागला तर तेवढा भाग कापा, सुरकुतला तर पाण्याचा एक हबका मारा.

खोका घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीवर ठेवा. मी पहिल्या वर्षी तो फ्रिजच्या वर ठेवला होता. फ्रिजवर म्हणजे गारच असणार, असं वाटलं होतं. मे महिन्यात उघडला तर अकरा गड्डे सुपारीसारखे झाले होते.